विमानाचं अंतर आणि लागणारा वेळ: सांगली-साताऱ्याकडून सारखे येणारे प्रश्न

सांगलीत तिकीट बुकिंगचं काम करतो त्यामुळे दिवसाला चार तरी मेसेज असे येतात की "अमुक विमानतळ ते तमुक विमानतळ किती किलोमीटर" आणि मी किलोमीटर सांगितले की लगेच पुढचा मेसेज, "मग पोचणार किती वाजता?" म्हणजे खरं विचारायचं असतं ते हेच. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

१. विमानाचं अंतर म्हणजे कुठून कुठपर्यंतचं? शहर ते शहर का विमानतळ ते विमानतळ?

विमानतळ ते विमानतळ, आणि तेही सरळ हवेतून. पृथ्वी गोल आहे म्हणून ही सरळ रेषा जमिनीच्या गोलाईवरून मोजतात, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणा. मुंबई-दिल्ली हे अंतर असं मोजलं तर साधारण १,१४० किमी येतं, रस्त्याने तेच १,४०० च्या आसपास जातं. त्यामुळे मॅपवर गाडीचा रस्ता बघून विमानाचा वेळ काढू नका, कायम जास्तच येणार.

विमान तरी अगदी त्या रेषेवरून जातं का, तर नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्कराचे बंद भाग असतात, पाऊस-ढग टाळायचे असतात, उतरताना रनवेच्या दिशेनं वळसा घ्यायचा असतो. त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं.

२. अंतर माहीत असेल तर वेळ काढायचा काही सोपा हिशोब आहे का?

आहे, आणि बऱ्यापैकी चालतो. किलोमीटरला ८०० ने भागा आणि पाऊण तास वर टाका. एवढंच.

मुंबई-दिल्ली १,१४० भागिले ८०० म्हणजे जवळजवळ एक तास पंचवीस मिनिटं, अधिक पाऊण तास, म्हणजे दोन तास दहा मिनिटं, आणि तिकिटावर तेवढंच काहीतरी असतंय. मुंबई-दुबई १,९३० किमी, हिशोबानं तीन तास दहा मिनिटं. मुंबई-सिंगापूर ३,९०० च्या आसपास, साडेपाच ते पावणेसहा तास. मुंबई-लंडन ७,२०० किमी, पावणेदहा तास. बघा तिकिटं काढून, फार फरक पडणार नाही.

पाऊण तास कशाला टाकायचा? कारण विमान वर जाऊन पूर्ण वेग पकडेपर्यंत आणि खाली येताना हळू असतं, शिवाय जमिनीवर रांगत जाण्याचा वेळ. वर एकदा स्थिर झालं की जेट विमान ताशी ८३० ते ९०० किमीनं जातं. पण पंख्याचं एटीआर विमान असेल तर हा हिशोब नको, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं, तिथे ५०० ने भागा आणि वर पंचवीस-तीस मिनिटं टाका. दिशा आणि वाऱ्यामुळे होणारा फरक प्रश्न ९ मध्ये लिहिलाय.

३. तिकिटावर मुंबई-दिल्ली सव्वादोन तास लिहिलंय आणि वर गेल्यावर पायलट म्हणाला एक तास पन्नास मिनिटं. खरं कोण बोलतंय?

दोघंही. तिकिटावरचा वेळ गेटवरून विमान मागं ढकलायला सुरुवात होते तिथपासून पलीकडे गेटला चाकाला अडणी लागेपर्यंतचा असतो. पायलट सांगतो तो फक्त हवेतला. मधली वीस-पंचवीस मिनिटं विमान जमिनीवर एस्टीसारखं चालत असतं. मुंबईत तर दोन रनवे एकमेकांना आडवे छेदतात त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येतो, मग रांग लागते, उतरणारी विमानंसुद्धा कधी कधी वर घिरट्या घालत बसतात.

आणि एक गोष्ट, कंपन्या तिकिटावरच्या वेळेत थोडी ढिल देऊन ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमान पण "वेळेत" पोचतं आणि आपण टाळ्या वाजवतो.

४. सांगली टाकलं तर वेबसाइटवर काहीच येत नाही, साताऱ्याचं पण तेच. कोड काय टाकू?

सांगलीला आणि साताऱ्याला प्रवासी विमानतळच नाही त्यामुळे कोडही नाही. आपल्या कामाचे तीन अक्षरी कोड हे घ्या: पुणे पी एन क्यू, मुंबई बी ओ एम, कोल्हापूर के एल एच, बेळगाव आय एक्स जी. कराडला धावपट्टी आहे पण तिथून तिकीट काढून बसायची सोय नाही.

एका काकांनी साताऱ्यासाठी अंदाजानं एस ए टी टाकलं आणि मला विचारलं की सातारा ते मुंबई पंधरा हजार किलोमीटरच्या जवळ कसं काय दाखवतंय. काका, तो अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोचा कोड आहे. नावावरून कोड ओळखायला जाऊ नका.

५. मग सांगलीवाल्यांनी कुठला विमानतळ धरायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि इथे हवेतल्या किलोमीटरपेक्षा रस्त्याचे तास मोजा.

कोल्हापूरचं उजळाईवाडी सांगलीहून ५० किमीच्या आसपास, जयसिंगपूर-हातकणंगले मार्गे सव्वा ते दीड तास. नवी टर्मिनल बिल्डिंग मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, छान आहे, पण फ्लाइट मोजक्याच आणि वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे आधी त्या दिवशी विमान आहे का बघा आणि मगच बाकीचं ठरवा. पुण्याचं लोहगाव सांगलीहून २४० किमीच्या आसपास, आष्टा-इस्लामपूर-पेठ नाका, मग हायवे. साडेचार तास म्हणतात सगळे, मी पाच-साडेपाच धरतो कारण विमानतळ पुण्याच्या पलीकडच्या टोकाला आहे, कात्रजला पोचलात म्हणजे पुण्यात पोचलात पण विमानतळावर नाही. मुंबई सात ते आठ तास. बेळगावचं सांबरा अडीच-तीन तास, जत-मिरजवाल्यांनी ते पण बघावं.

दिल्लीचा हिशोब करून दाखवतो. सांगली ते लोहगाव पाच तास, तिथे आधी दीड तास, विमान सव्वादोन तास, दिल्लीत बॅग आणि टॅक्सी एक तास. पावणेदहा तास झाले, त्यात हवेत दोनच्या आत. म्हणजे पुणे-दिल्ली १,१६० किमीला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ पहिल्या २४० किमीला गेला. तीन वर्षांपूर्वी माझं स्वतःचं विमान गेलं ते असंच, खंबाटकीत ट्रक आडवा झालेला आणि मी गाडीत बसून फोनवर बघतोय की पुणे-दिल्ली अंतर किती. आता मी घाटाचा एक तास वेगळा धरतो, लोक हसतात, हसू देत. देशातल्या फ्लाइटचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो हे पण धरून चाला.

सातारकरांनी फार विचार करू नये, पुणे. अडीच-तीन तासांत लोहगाव, त्यातही खंबाटकी येतोच म्हणा.

६. कोल्हापूर ते मुंबई हवेतून किती? वेबसाइट न वापरता काढता येईल का?

३१० किमीच्या आसपास, तासाभराचं विमान. आणि हो, शाळेतल्या भूगोलावर काढता येतं, मजा येते.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. कोल्हापूर १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशाचा फरक २.४३ अंश, एक अंश म्हणजे १११ किमी, झाले २७०. रेखांशाचा फरक १.४२ अंश, पण रेखांश उत्तरेकडे जाताना जवळ जवळ येतात म्हणून आपल्या भागात एक अंश १०६ किमी धरा, झाले १५०. आता पायथागोरस, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, ३०९. वेबसाइट पण हेच सांगते.

पण हे जवळच्या अंतराला, फार तर हजार-दीड हजार किमीपर्यंत. लंडन-न्यूयॉर्कला असं केलं तर भलतंच उत्तर येईल, तिथे गोलाई धरावीच लागते. सोपं पाहिजे असेल तर गुगल मॅपवर अंतर मोजायची सोय आहे, दोन्ही विमानतळांवर टिंब टाका, ते गोलाई धरूनच मोजतं.

७. एका ठिकाणी मुंबई-दिल्ली ७०८ दाखवतंय, दुसरीकडे ६१५, तुम्ही १,१४० म्हणताय. किती जण किती सांगताय?

तिन्ही एकच आहे, मापं वेगळी. ७०८ साधे मैल, एक मैल १.६०९ किमी. ६१५ सागरी मैल, एक सागरी मैल बरोबर १.८५२ किमी. विमानवाले आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात कारण ते अक्षांशाच्या एका मिनिटाएवढं (घड्याळाचं नाही, एका अंशाचा साठावा भाग) असतं, नकाशावर मोजायला सोपं. वेग "नॉट" मध्ये सांगतात ते पण ताशी सागरी मैल. आकड्याशेजारी काय लिहिलंय ते बघत जा, बहुतेक भांडणं तिथंच मिटतात.

८. दुबईला तीन तास आणि गुवाहाटीला पण तीन तास? दुबई परदेश आहे ना?

विट्याच्या एका दादांचा प्रश्न, त्यांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, व्यवसाय तिकडे ईशान्येत. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभर पसरलीत त्यामुळे मला कोईमतूर, कोची, कोलकाता, गुवाहाटी असे प्रश्न दुबई-सिंगापूरपेक्षा जास्त येतात.

तर मुंबई-गुवाहाटी साधारण २,०७० किमी आणि मुंबई-दुबई १,९३०. म्हणजे दुबईच जवळ. आपला देश केवढा पसरलाय ते यावरून कळतं. मुंबई-कोलकाता सुद्धा १,६७० च्या आसपास आहे. पासपोर्ट लागतो म्हणून लांब, असं काही नसतं.

९. जाताना वेगळा वेळ आणि येताना वेगळा, रस्ता तर तोच ना?

रस्ता तोच, वारा वेगळा. वर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो उत्तर भारतावर येतो आणि ताशी दीडशे-दोनशे किमी सहज असतो. पूर्वेला चाललात तर तो पाठीवर, पश्चिमेला चाललात तर तोंडावर. कृष्णेला पूर असताना होडी प्रवाहाबरोबर नेणं आणि उलटी नेणं, एवढाच फरक.

म्हणून मुंबई-लंडन जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊ किंवा त्याच्याही आत. दुबईला जाताना सव्वातीन तर येताना तीनच्या आत. गुवाहाटीला उलटं, जाताना लवकर, येताना उशीर, आणि जानेवारीत हा फरक जास्त जाणवतो. दक्षिण-उत्तर प्रवासात, म्हणजे पुणे-दिल्ली वगैरे, वारा आडवा लागतो त्यामुळे फार फरक नाही.

१०. समोरच्या स्क्रीनवर ताशी १,०५० किमी दाखवत होतं, तुम्ही तर ९०० म्हणताय

पाठीवर वारा होता. विमानाचा स्वतःचा वेग हवेच्या मानानं असतो, स्क्रीनवर दाखवतात तो जमिनीच्या मानानं, म्हणजे विमान अधिक वारा. उलट दिशेला असतात तर ७५० पण दिसलं असतं.

११. पृथ्वी फिरते ना, मग विमान वर नुसतं थांबलं तर दुबई आपोआप खाली येईल की!

हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी येतो आणि मला आवडतो. पृथ्वी फिरताना हवा पण तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत आहे. चालत्या एस्टीत तुम्ही उडी मारली तर मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच. नाहीतर विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमीनं सरकते, उतरतानाच पंचाईत झाली असती.

१२. तिकिटावर दुबईची फ्लाइट पहाटे ४ ला निघून ५:४० ला पोचते. दीड तासात कशी?

दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळानुसार लिहिलेल्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. तिथे ५:४० झाले तेव्हा सांगलीत ७:१० झालेत. म्हणजे प्रवास तीन तास दहा मिनिटांचा. पश्चिमेला जाताना वेळ कमी वाटतो, पूर्वेला जाताना जास्त, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. नेपाळ तर पंधराच मिनिटं पुढे आहे, काठमांडूला जाणारे हमखास गंडतात.

लंडन-अमेरिकेत अजून एक भानगड. ते लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागं आणि हिवाळ्यात साडेपाच. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आणि दोघं एकाच दिवशी बदलत नाहीत, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मार्चमध्ये पोराला फोन लावून "अजून झोपलास का रे" म्हणण्याआधी हे बघा. विमानाला लागणारा वेळ यानं बदलत नाही, फक्त पोचायच्या वेळेचा आकडा बदलतो.

१३. अमेरिकेला जाताना विमान वर उत्तरेला कशाला जातं? सरळ पश्चिमेला गेलं तर जवळ पडेल ना?

भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे तसं वाटतं. पोराचा प्लास्टिकचा ग्लोब घ्या, मुंबईवर आणि न्यूयॉर्कवर बोटं ठेवून दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो, पार उत्तर युरोपापर्यंत, आणि मग खाली येतो. तोच जवळचा रस्ता, साधारण १२,५५० किमी. सपाट नकाशावर ओढलेली सरळ रेषा हीच खरं तर लांबची.

१४. म्हणजे कमी किलोमीटरचा रस्ता कायम लवकरचा, बरोबर?

नाही, इथेच गंमत आहे. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. जुना रस्ता सुमारे १३,९०० किमी, नवा सुमारे १५,३०० किमी. चौदाशे किलोमीटर जास्त आणि तरी लवकर, कारण पूर्वेला चाललं की वारा पाठीवर (प्रश्न ९). येताना पुन्हा पूर्वेलाच, अटलांटिकवरून. म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा. हे मी वाचलं तेव्हा दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो.

१५. पूर्वी युरोपला लवकर जायचं, आता एक-दीड तास जास्त लागतोय. तुमचा हिशोब चुकलाय का?

हिशोब किलोमीटरचा आहे, आकाश बंद असलं तर तो काय करणार. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, २०१९ मध्ये पण काही महिने बंद होतं. त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्राकडून वळसा पडतो. दुबईला मुंबईहून जाणाऱ्यांना फरक जवळजवळ नाही, ते विमान तसंही समुद्रावरूनच जातं. युरोपची तिकिटं बघताना मात्र किलोमीटर सोडा आणि त्या महिन्याच्या वेळापत्रकातला वेळच धरा.

१६. "डायरेक्ट" तिकीट काढलं तरी विमान मध्ये थांबलं, फसवलं का मला?

नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, मध्ये उतरू शकतं. कुठेच न थांबणारं पाहिजे असेल तर नॉनस्टॉप बघा. मध्ये थांबा असला की तेवढे अंतराचे दोन तुकडे करा, प्रश्न २ चा हिशोब दोन्हीला वेगळा लावा आणि थांब्याचा वेळ वेगळा टाका.

१७. मुलगा लेहला पोस्टिंगवर आहे, दुपारचं विमान का मिळत नाही?

साताऱ्याच्या एका मावशींनी विचारलं, आणि आपल्याकडे घराघरात फौजी असल्यामुळे हा प्रश्न बरेचदा येतो. दिल्ली-लेह फक्त ६२० किमी, सव्वा ते दीड तास. पण लेहचा विमानतळ ३,२५० मीटरच्या वर आहे, तिथे हवा मुळातच विरळ, ऊन चढलं की अजून विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. दुपारी डोंगरातून वारेही सुटतात. म्हणून बहुतेक विमानं सकाळी. मावशी, पुण्याहून रात्रीच दिल्लीला जाऊन थांबा, सकाळी पुण्याहून निघून लेहचं विमान गाठायचा खेळ करू नका.

१८. गोव्याचं अंतर दोन वेगवेगळं दाखवतंय

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, जी ओ आय. मोपा उत्तरेला, आपल्या सिंधुदुर्गाला लागून, जी ओ एक्स, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू. हवेत फरक किरकोळ, पण उतरल्यावर चुकीच्या टोकाला उतरलात तर दीड-दोन तास टॅक्सीत. मुंबईचंही आता तसंच, नवी मुंबईचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. सांगली-साताऱ्याकडून जाणाऱ्याला ते आधी लागतं, म्हणून तिकिटावर कुठलं मुंबई आहे ते नीट वाचा.

१९. १५ तारखेला रात्री १२:२० ची फ्लाइट आहे, १५ ला संध्याकाळी सांगलीतून निघू ना?

नको! ती गेलेली असेल. १५ तारखेचे १२:२० म्हणजे १४ ची रात्र संपल्या संपल्या. मुंबईसाठी १४ ला सकाळी निघायचं. आत्तापर्यंत माझ्याकडे तीन कुटुंबं अशी आली, एक तर बोरिवलीत पाहुण्यांकडे जेवून, भडंगाचे डबे बांधून निवांत निघाले होते.

२०. कवलापूरला विमानतळ झाला तर मुंबईला किती वेळ लागेल?

हवेतून ३०० किमीच्या जरा वर. एटीआर विमान धरलं तर तासभर, प्रश्न २ प्रमाणे. सांगलीतून कवलापूर वीस मिनिटं, आधी तासभर, मुंबईत बाहेर पडायला अर्धा तास, सगळे मिळून तीनच्या आत. झाला की सांगतो, तोवर पेठ नाक्यावरून लवकर निघा.